भाडे देणारा भाडेकरू आणि बंद दार : बाबूराव बागुलांची कथा व जिल्ह्याच्या गावातील घरकुलाचा प्रश्न

प्रस्तावना

बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. दलित कथेच्या वाटचालीतील त्याचे स्थान निर्विवाद असून त्यातील शीर्षककथा गेली अनेक वर्षे महाविद्यालयीन वर्गांतून शिकविली जात आहे. विद्रोह, आत्मभान आणि भाषेचा दाहक आवेग या अंगांनी तिच्याविषयी विपुल लिहिले गेले. परंतु ज्या साध्या व्यावहारिक गरजेतून कथेतील सारे नाट्य उद्भवते, तिच्याकडे समीक्षेचे लक्ष फारसे गेलेले नाही. नायकाला रेल्वेत नोकरी लागली आहे, पगार ठरला आहे आणि त्याला राहण्यासाठी एक खोली हवी आहे. ही खोली मिळविण्यासाठी तो आपली जात लपवितो, पुढे ती उघडकीस येते, त्याला मारहाण होते आणि काशीनाथ हा त्याचाच जातभाई कामगार त्याला सोडवितो. कथानक एवढेच आहे. खोली वगळली तर कथा उभी राहत नाही.

प्रस्तुत लेखात ही कथा घराची कथा म्हणून वाचली आहे आणि तिने विचारलेला प्रश्न यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या गावी घर, सामाजिक समावेशन आणि सार्वजनिक आरोग्य यांविषयी होणाऱ्या नगर प्रशासनाच्या चर्चेला लावून पाहिला आहे. मराठी साहित्यातील घराच्या टंचाईचे चित्रण बहुतांशी मुंबईचे आहे. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) मधील कावाखाना किंवा जयवंत दळवी यांच्या ‘चक्र’ (१९६३) मधील झोपडपट्टी ही त्याची ठळक उदाहरणे. बागुलांच्या या कथेतील खोली मात्र मुंबईत नाही. ती सुरतेजवळच्या उधना या रेल्वे स्थानकाच्या गावात आहे. हा तपशील दुय्यम मानला जातो, वस्तुतः तो निर्णायक आहे. महानगरात दाटी असते, पण अनोळखीपणाचा आडोसाही असतो. लहान गावात नवा माणूस आला की प्रथम त्याचे आडनाव विचारले जाते. २०११ च्या जनगणनेत सुमारे १ लाख १६ हजार लोकसंख्या असलेले यवतमाळ या बाबतीत मुंबईपेक्षा उधन्याला अधिक जवळचे आहे.

‘चोरणे’ या क्रियापदाविषयी

कथेच्या शीर्षकातील क्रियापद विचारपूर्वक योजलेले आहे. मराठीत ‘चोरणे’ म्हणजे दुसऱ्याचे उचलणे, तसेच स्वतःचे आखडून घेणे. माणूस काम चोरतो, अंग चोरून बसतो. बागुलांचा नायक दुसऱ्या कोणाची जात चोरत नाही, तो स्वतःचीच जात आखडून घेतो. तरीही ‘चोरी’ या शब्दातील गुन्ह्याचा ठसा पुसला जात नाही, कारण ज्या समाजात तो खोली मागतो, त्या समाजाच्या दृष्टीने आपली जात न सांगणे हीच चोरी आहे. जेरी पिंटो यांनी २०१८ मध्ये केलेल्या इंग्रजी अनुवादाच्या शीर्षकात ‘व्हेन आय हिड माय कास्ट’ असा पर्याय आहे. अर्थ कळण्यास तो पुरेसा आहे, मात्र त्यात फक्त लपविणे उरते आणि आरोप गळून पडतो. मराठी वाचकाला शीर्षकातच कळते की खोली घेणारा चोर ठरणार आहे आणि खोली नाकारणारा साव.

‘अंग चोरणे’ ही अर्थच्छटा घराच्या संदर्भात आणखी बोलकी होते. अपुऱ्या जागेत माणसे अंग चोरूनच राहतात. बागुलांचा नायक मात्र जागा अपुरी आहे म्हणून अंग चोरत नाही. दारातून आत येण्याची ती अट आहे. खोलीचे क्षेत्रफळ, तिचे भाडे, तिची डागडुजी हे गृहनिर्माणाच्या चर्चेतील नेहमीचे विषय कथेत जवळजवळ गैरहजर आहेत. भाड्याची रक्कम परवडते की नाही, असा प्रश्न नायकाला पडतच नाही.

बागुलांच्या चरित्रातही या प्रसंगाचा आधार सापडतो. सुरतेकडे रेल्वेच्या नोकरीत असताना राहण्याच्या जागेसाठी त्यांना स्वतः जात लपवावी लागली होती आणि पुढे ती नोकरी सोडून ते मुंबईस परतले. त्याआधी सुमारे साडेचार दशके, १९१७ मध्ये, परदेशातील विद्यापीठात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू होण्यासाठी गेले, तेव्हा त्यांनाही राहण्यास जागा मिळाली नाही. पारशी पथिकाश्रमात पारशी नाव घेऊन त्यांनी काही दिवस काढले. ओळख उघड होताच काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आत्मपर टिपणात हा प्रसंग आला आहे. दोन्ही प्रसंगांत नोकरी आहे, पगार आहे, शिक्षण आहे. दार मात्र बंद आहे.

साहित्यगुणांच्या दृष्टीने कथा निर्दोष नाही. तिच्यात वक्तृत्वाचा सोस आहे, काही संवाद पात्रांपेक्षा लेखकाच्या तोंडचे वाटतात. शेवटी नायक मारणाऱ्या हातांवरचा दोष काढून घेऊन तो मनूच्या माथी मारतो. या शेवटाची प्रशंसा पुष्कळ झाली, आणि विचाराच्या पातळीवर ती योग्यही आहे. पण याच शेवटामुळे ज्याने खोली दिली आणि जात कळताच जो उलटला तो शेजार सहजपणे सुटतो. दोष दोन हजार वर्षांच्या व्यवस्थेचा ठरला की त्या विशिष्ट गल्लीतल्या, त्या विशिष्ट घरमालकाचा उरत नाही. आधीच्या पानांत कथेने ज्या नेमकेपणाने हा व्यवहार उभा केला होता, तो शेवटच्या झेपेत धूसर होतो. नगर प्रशासनाला मनूविषयी काही करता येणार नाही. गल्लीविषयी येऊ शकते.

योजनेतील घर आणि कथेतील खोली

२५ जून २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या (शहरी) परिभाषेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंब म्हणजे वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंतचे कुटुंब, आणि त्याचे घर म्हणजे ३० चौरस मीटरपर्यंतच्या चटई क्षेत्राचे पक्के घर. यवतमाळसारख्या शहरांत या योजनेचा जो घटक प्रामुख्याने उपयोगी पडला, तो लाभार्थ्याने स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधण्याचा. त्यासाठी केंद्राचे दीड लाख व राज्याचे एक लाख असे अडीच लाख रुपयांचे साहाय्य ठरले. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई, अनुसूचित जमातींसाठी शबरी, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत अशा राज्याच्या योजना सोबत आहेत. १ सप्टेंबर २०२४ पासून आवास योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला आहे.

या सर्व योजनांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. कुडाच्या भिंतीऐवजी विटांची भिंत उभी राहणे ही पावसाळ्यात राहणाऱ्याला कळणारी गोष्ट आहे. परंतु बागुलांच्या कथेच्या उजेडात या योजनांची रचना पाहिली म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते : त्या सर्व किमतीच्या प्रश्नाचे उत्तर देतात, दाराच्या प्रश्नाचे नाही. ‘स्वतःच्या जागेवर’ ही अट घातली की घर तेथेच होते, जेथे कुटुंब आधीपासून राहते. जातीनिहाय योजनेतून बांधलेले घर जातीनिहाय वस्तीतच उभे राहते. वस्ती पक्की होते आणि तिची सीमाही पक्की होते. वऱ्हाडात वस्त्यांची नावेच रहिवाशांची ओळख सांगतात. कोलामांचा पोड, बंजाऱ्यांचा तांडा, पारध्यांचा बेडा. शहराची हद्द वाढून ती नावे वॉर्डांच्या क्रमांकांत विरघळली, तरी लोकांच्या तोंडी ती टिकून राहतात.

दुसरीकडे शहराची खरी वाढ ‘लेआउट’मधून होत आली. शेतजमीन अकृषक करून तिचे भूखंड पाडणे, ते विकणे, त्यावर एकेक घर उठणे ही विदर्भातील मध्यमवर्गीय घराची रूढ रीत आहे. अशा विकासातील अनियमितता नियमित करण्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारीचा स्वतंत्र कायदा झाला. नझूल किंवा ई-क्लास जमिनीवरील झोपडीसाठी वापरला जाणारा ‘अतिक्रमण’ हा शब्द आणि विनापरवाना लेआउटसाठी वापरला जाणारा ‘गुंठेवारी’ हा शब्द यांतील अंतर शासकीय मराठीच्या अभ्यासकाने लक्षात घेण्यासारखे आहे. नियम दोन्हीकडे मोडलेला असतो. एका शब्दात गुन्हा ऐकू येतो, दुसऱ्यात मोजमाप. हा बागुलांच्या ‘चोरी’चाच प्रशासकीय अवतार म्हटला पाहिजे. शासकीय जागांवरील अतिक्रमणे घरकुलासाठी नियमानुकूल करण्याचे धोरण राज्याने २०१८ मध्ये स्वीकारले खरे, पण त्यासाठी वास्तव्याचे जुने पुरावे लागतात. आणि वारंवार उठविल्या गेलेल्या कुटुंबाजवळ नेमके तेच नसतात.

भाड्याच्या खोलीचा प्रश्न तर बहुतेक योजनांच्या कक्षेबाहेरच राहिला. याला महाविद्यालयांशी निगडित असा एक अपवाद आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना लागू झाली. भोजन, निवास व निर्वाह यांसाठी रक्कम थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते. जिल्ह्याच्या ठिकाणासाठी ती वार्षिक ४३ हजार रुपये ठरली होती. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी अशीच ‘स्वयं’ योजना आहे. शासनाने येथे भाडे दिले. परंतु झरी-जामणी, आर्णी वा घाटंजीकडून यवतमाळला शिकायला आलेल्या विद्यार्थ्याने खोली शोधताना ‘आडनाव काय?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे, हे कोणत्याही शासन निर्णयात लिहिलेले नाही. शिवाय भाड्याने राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो आणि तो घरमालकाच्या सहकार्यावर अवलंबून असतो. ज्या विद्यार्थ्याला आपली ओळख मिटवून खोली मिळाली, त्याला जातीच्या योजनेसाठी त्याच घरमालकाकडून कागद मागावा लागतो. बागुलांच्या नायकावरही असा दुहेरी प्रसंग आला नव्हता.

कायद्याची बाजू येथे नमूद करणे आवश्यक आहे, कारण समीक्षेत ती सहसा येत नाही. कथा प्रसिद्ध झाली तेव्हा १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) कायदा, ज्याला १९७६ नंतर नागरी हक्क संरक्षण कायदा म्हटले जाते, अस्तित्वात येऊन आठ वर्षे झाली होती. कोणत्याही वस्तीत निवासाची जागा बांधणे, मिळविणे वा तीत राहणे यास अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे त्याच्या चौथ्या कलमाखाली दंडनीय आहे. तरीही कथेचा नायक खोली मिळविण्यासाठी कायदा पुढे करीत नाही, जात लपवितो. आणि त्याची ही निवड अनुभवातून आलेली आहे. घर नाकारणारा क्वचितच खरे कारण सांगतो. ‘पाहुणे येणार आहेत’, ‘कुटुंबालाच देतो’, ‘कालच दिली’ ही उत्तरे न्यायालयात टिकणारी असतात. २००५ मध्ये अहमदाबादच्या झोरोॲस्ट्रियन गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सहकारी संस्थेचे सदस्यत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणारे उपविधी वैध मानले, तेव्हा दाराला कायद्याचीही एक कडी मिळाली. बडोदा, उधना, अहमदाबाद हा क्रम योगायोगाचा असेल, पण विचार करायला लावणारा आहे.

पाणी, साठवण आणि आरोग्य

घराचा आरोग्याशी संबंध जोडताना सामान्यतः हवा, उजेड व शौचालय यांचा विचार होतो. यवतमाळच्या अलीकडील इतिहासाने त्यात आणखी एका गोष्टीची भर घातली आहे. शहराला पाणी पुरविणारे निळोणा व चापडोह हे दोन्ही जलाशय २०१८ च्या उन्हाळ्यात आटले आणि नळाला अनेक दिवसांच्या अंतराने पाणी येऊ लागले. बेंबळा प्रकल्पातून पाणी आणण्याची, अमृत अभियानातील सुमारे ३०० कोटी रुपयांची योजना तेव्हा अपूर्ण होती. टँकरभोवतीची गर्दी ही त्या उन्हाळ्याची सर्वपरिचित प्रतिमा ठरली.

या टंचाईत सगळे शहर होरपळले हे खरे असले, तरी सगळे सारखे होरपळले नाही. पंधरवड्यातून एकदा पाणी येते तेव्हा घर म्हणजे मुख्यतः भांडे असते. ज्याच्या गच्चीवर दोन हजार लिटरची टाकी, अंगणात जमिनीखालचे टाके आणि स्वतःची बोअरवेल आहे, त्याच्यासाठी तुटवडा ही गैरसोय असते. एका खोलीत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला घागरी, कळश्या आणि फार तर एक ड्रम येतो. ३० चौरस मीटरच्या घरकुलात चूल, अंथरूण आणि माणसे यांची जागा वजा केल्यावर पंधरा दिवसांचे पाणी कोठे ठेवायचे, याचा विचार नकाशा आखताना झालेला दिसत नाही. उघड्या भांड्यात दिवसेंदिवस साठविलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासाची पैदास होते, ही आरोग्य खात्याने भिंतोभिंती लिहिलेली माहिती आहे. ‘कोरडा दिवस पाळा’ हा सल्ला ज्याला उद्या पाणी येण्याची खात्री आहे, त्यालाच पाळता येतो.

बागुलांनी १९६९ मध्ये आपल्या दुसऱ्या कथासंग्रहाला ‘मरण स्वस्त होत आहे’ असे नाव दिले. परवडणाऱ्या घरांची भाषा पुढे कित्येक वर्षांनी रूढ झाली. घर स्वस्त करताना भिंतीची जाडी, टाकी, नाली, मोकळी जागा यांतून जे वगळले जाते, त्याची किंमत आजारपणात चुकवावी लागते आणि ती ज्याच्या पदरी येते त्याचे नाव कोणत्याही अंदाजपत्रकात नसते. शहरात १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि जिल्हाभरातून रुग्ण तेथे येतात. रुग्णालयाच्या नोंदीत रुग्णाचा पत्ता असतो, पण त्या पत्त्यावर नळ किती दिवसांनी येतो याचा रकाना नसतो.

सभागृहाचा प्रश्न

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत १८ विषय नगरपालिकांसाठी सुचविले. पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता, गलिच्छ वस्ती सुधारणा, दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण हे सर्व त्यात आहेत. यवतमाळमध्ये पाणीपुरवठा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे आहे. नझूल जमीन महसूल खात्याच्या अखत्यारीत आहे, मोठे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे आणि घरकुलाचे निकष मुंबई-दिल्लीत ठरतात. लोहारा, वाघापूर, उमरसरा, वडगाव, भोसा ही लगतची गावे मागील दशकात हद्दीत आली, म्हणजे जबाबदारीचा परीघ वाढला, पण अधिकाराचा वाढला नाही. पुढे २०२१-२२ च्या सुमारास मुदती संपल्यापासून डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांपर्यंत राज्यातील बहुतेक नगरपरिषदांचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. घर, समावेशन आणि आरोग्य यांवर निवडलेल्या सदस्यांनी एकत्र बसून बोलण्याची जागाच त्या काळात नव्हती. ही उणीव पाण्याच्या टंचाईइतकी चर्चिली गेली नाही, याचे आश्चर्य वाटते.

तरीही एक घर असे आहे की ज्याबाबत नगरपरिषदेला दुसऱ्या कोणाकडे बोट दाखविता येत नाही. ते तिच्या सफाई कामगाराचे घर. शहराचे आरोग्य ज्यांच्या पहाटेच्या श्रमांवर उभे आहे, त्यांना पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर मालकीचे घर देण्याची डॉ. बाबासाहेब आंबेडकर श्रमसाफल्य आवास योजना राज्यात आहे. येथे बागुलांच्या कथेतील स्थिती नेमकी उलटते. कथेतील घरमालकाला जात ठाऊक नसते म्हणून खोली मिळते. येथे घर देणाऱ्या नगर संस्थेला ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते, आणि त्या कामाशी बांधलेले घर त्याच कामाच्या वस्तीत मिळते. सेवेत असलेल्या बापाचे घर टिकावे म्हणून मुलाने तोच झाडू हाती घ्यावा, हा वारसा हक्काचा व्यवहार राज्यात अनेक ठिकाणी परिचित आहे. शिकलेला मुलगा ती वस्ती सोडून लेआउटमध्ये खोली शोधू लागला, की तो थेट उधन्याला पोहोचतो.

नव्याने निवडून आलेल्या सभागृहापुढे घरकुलांचे प्रस्ताव येतील तेव्हा मंजूर, पूर्ण व अपूर्ण घरांची संख्या मांडली जाईल. त्याच नस्त्यांमध्ये प्रत्येक लाभार्थ्याचा जुना पत्ता आणि नवा पत्ता नोंदलेला असतो. किती कुटुंबांचे हे दोन पत्ते एकाच वॉर्डातील आहेत, कोणत्या वॉर्डात कोणत्या योजनेची घरे आहेत आणि तेथे नळ किती दिवसांनी येतो, हे तीन रकाने शेजारी-शेजारी मांडण्यासाठी शासनाच्या परवानगीची गरज नाही. महाविद्यालयांतील समाजशास्त्र, भूगोल आणि मराठी विभागांना हे काम नगरपरिषदेसोबत करता येण्यासारखे आहे. स्वाधारचे अर्ज भरून घेणारे प्राध्यापक त्यांच्याच वर्गातील किती विद्यार्थ्यांना पहिल्या दारावर खोली मिळाली आणि किती जणांना पाचव्या, हेही विचारू शकतात.